अरुंद पार्किंगमध्ये गाडी घासू नये म्हणून: आधी मापाची टेप काढा, फोमचं नंतर बघू

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोसायटीत स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं. जागेत तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला तोंडाशीच खांब, उजव्या हाताला सलग भिंत. खांब ते भिंत अंतर आठ फूट. गेटकडून येताना जागा डावीकडे लागते. आधी वॅगनआर होती, ती कधी घासली नाही. आता क्रेटा घेतली आणि दोन महिन्यांत डावं मागचं दार दोनदा खांबाला लागलं. पार्किंगला फोम लावू, 360 अंशांचा कॅमेरा बसवू, की सिरॅमिक कोटिंग करून घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तिन्हींपैकी एकाही गोष्टीवर आज पैसे घालू नका. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे ओरखडा पाहिला की गाडी कशी घासली ते बहुतेक वेळा कळतं. तुमच्या वर्णनावरून दुखणं गाडी आत घ्यायच्या पद्धतीत आहे, आणि ते जवळजवळ फुकटात बरं होण्यासारखं आहे.

आधी आकडे बघा. वॅगनआरची रुंदी 1620 मिमी, क्रेटाची 1790. म्हणजे तुमची गाडी 17 सेंमीनं रुंदावली, आणि लांबीही चांगलीच वाढली. आठ फूट म्हणजे साधारण 2440 मिमी. त्यातून क्रेटा वजा केली की दोन्ही बाजू मिळून 65 सेंमी उरतात. कंपनी जी रुंदी छापते तिच्यात आरसे धरलेले नसतात हेही लक्षात ठेवा. गाडी बरोबर मध्यभागी लावलीत तर दोन्हीकडे बत्तीस-बत्तीस सेंमी. एवढ्यात दार उघडून माणूस धड उतरत नाही. मग आपण अंग चोरून उतरतो, दाराची कड भिंतीला टेकते आणि तिथला रंग टवका टवका उडतो. म्हणून मध्यभागी लावायचा नाद सोडा. ज्या बाजूनं कुणी उतरणार नाही, ती बाजू भिंतीशी वीतभर अंतरावर ठेवायची आणि उरलेली सगळी जागा ड्रायव्हरच्या दाराला द्यायची.

मोजमापाला कमी लेखू नका. राज्याच्या बांधकाम नियमांत चारचाकीची जागा 2.5 मीटर बाय 5 मीटर धरलेली असते. पण खांबाची जाडी, प्लास्टर, कोपऱ्यात उतरलेला पाण्याचा पाइप हे सगळं त्या अडीच मीटरला खात असतं. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की 2024 मध्ये महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, विक्री करारात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा लिहिणं बंधनकारक केलं. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी करारातला तो भाग वाचावा आणि साइटवर टेप लावून बघावं. तुमची इमारत आधीची आहे, तेव्हा आहे त्या जागेतच मार्ग काढू.

आता तुमच्या ओरखड्याकडे येतो. दाराच्या पुढच्या भागात तो बारीक सुरू होतो, मागे जाता जाता खोल होतो आणि चाकाच्या कमानीपाशी सगळ्यात खोल आहे, असंच ना? गाडी पुढे जाताना डावीकडे लवकर वळवली की असाच ओरखडा पडतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात. गाडी जितकी लांब तितकं हे कापणं जास्त. वॅगनआरला जिथून वळवायची तुमच्या हाताला सवय, तिथूनच तुम्ही क्रेटा वळवताय. तुमचं तोंड खांब ओलांडून गेलं, तुम्हाला वाटलं सुटलो, पण मागचं दार अजून खांबापर्यंत पोचायचंय. त्यातून आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू कायम अंदाजावर. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत डावं मागचं दार, त्याखालचा रनिंग बोर्ड आणि डावं क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, यांची रांग असते ती याच कारणानं.

ओरखड्याच्या दुसऱ्या तऱ्हाही सांगून ठेवतो, कारण घरात गाडी दोघं-तिघं चालवतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी असते. पुढच्या बंपरचा कोपरा घासला असेल तर रिव्हर्समध्ये स्टिअरिंग कापताना गाडीचं नाक बाहेर फेकलं गेलंय आणि लक्ष फक्त मागे होतं. दाराच्या मधोमध उभी, छोटी खूण असेल तर ती शेजारच्या गाडीच्या दाराची. नुसता आरसा घासत असेल तर गाडी सरळ आहे, फक्त एका अंगाला सरकलेली आहे. आधी निदान, मग औषध. नाहीतर फोम एका बाजूला लावला जातो आणि गाडी दुसरीकडे घासते.

तुमच्या जागेला माझं सरळ उत्तर आहे: गाडी आत रिव्हर्सनं घ्या.

कारणं दोन आहेत. पहिलं, रिव्हर्स घेताना वळणारी चाकं सर्वात शेवटी आत येतात, त्यामुळे अरुंद तोंडात मागचा भाग नेमका घालता येतो आणि पुढचा भाग मागाहून सरळ करता येतो. तोंडानं आत शिरताना ही सोय नसते. एकदा मागचं चाक खांबाशी अडकलं की मागे येऊन पुन्हा सुरुवात. दुसरं कारण तुमच्या जागेपुरतं आहे आणि जास्त महत्त्वाचं आहे. आत्ता तुम्ही तोंडानं आत जाता तेव्हा ड्रायव्हरचं दार भिंतीकडे येतं, म्हणजे उतरायची अडचण आणि दाराची कड धोक्यात. रिव्हर्स लावलीत की ड्रायव्हरचं दार खांबाच्या बाजूला येतं. खांब तोंडाशी असल्यामुळे तो पुढच्या फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आसपास पडतो आणि दार खांबाच्या मागच्या मोकळ्या जागेत उघडतं. डावी बाजू, जिथून कुणी उतरणार नाही, ती भिंतीला. सगळ्यांनाच रिव्हर्सचा सल्ला देतात, पण भिंत कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय तो देऊ नये. तुमच्या शेजारच्या रांगेत भिंत डाव्या हाताला असेल तर तिथल्या माणसाला रिव्हर्स लावल्यावर भिंतीकडून उतरावं लागेल. त्यानं खांबाजवळ सावकाश, पण तोंडानंच आत जावं.

रिव्हर्स कसा घ्यायचा ते नीट सांगतो. गेटकडून आलात की जागा ओलांडून सरळ पुढे जा आणि जागेच्या रांगेपासून साधारण एक मीटर अंतर ठेवून थांबा. थांबायच्या आधी नाक किंचित उजवीकडे घेतलंत तर मागचा भाग जागेकडे तोंड करून उभा राहतो आणि अर्धं काम तिथंच होतं. डावा आरसा खाली झुकवा, इतका की मागचं चाक आणि जमीन दिसली पाहिजे. ही एक गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे. आता भिंतीची कड डाव्या आरशात दिसेल. मागचं चाक त्या कडेच्या पुढे वीतभर सुटतंय असं दिसलं की स्टिअरिंग डावीकडे कापत हळूहळू मागे या. या क्षणी गाडीचं नाक उजवीकडे, म्हणजे समोरच्या बाजूला फेकलं जातं. तिथं स्कूटरी लावलेल्या असतील तर आधी तिकडे एक नजर टाका. गाडी भिंतीला समांतर झाली की स्टिअरिंग सरळ करा. शेवटी उजवा पुढचा कोपरा खांबाजवळून जाईल, पण तो तुमच्या बाजूला आहे आणि डोळ्यांना दिसतो.

गिअरची गाडी असेल तर हाफ क्लच, ऑटोमॅटिक असेल तर अॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसत्या ब्रेकवर. पावसाळ्यात चपलेचा तळ ओला असतो आणि पेडलवरून पाय निसटतो. पार्किंगमधले कितीतरी मोठे डेंट याच निसटण्यातून आलेले असतात, म्हणून आत वळायच्या आधी पाय पायपोसावर पुसून घ्या.

बाहेर काढतानाचा नियम लहान आहे, पण तो पाळला तर निम्मे ओरखडे टळतील. गेटकडे जायला तुम्हाला उजवीकडे वळायचंय आणि आतल्या अंगाला खांब आहे. मागचं चाक खांबापाशी येईपर्यंत स्टिअरिंग फुल कापायचं नाही. सरळ बाहेर या, उजव्या आरशात मागचं दार आणि खांब दोन्ही बघा, मग वळा. समोर जागा कमी असेल तर दोन टप्प्यांत काढा. एकदा मागे घ्यायला दहा सेकंद लागतात, पॅनेल रंगवायला दोन-तीन दिवस.

सवय लागेपर्यंत मोकळ्या मैदानात सराव करा. आठ फुटांवर दोन रिकामी खोकी ठेवा, ती तुमचा खांब आणि भिंत. रविवारी सकाळी तासभर पुरे. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांनी करा, कारण दहावेळा नीट लावणाऱ्याची गाडी अकराव्या वेळी दुसराच कुणी घासून आणतो.

मग खुणा करायच्या. गाडी एकदा अगदी मनासारखी लावा, कितीही वेळ लागू दे. उतरून दारं उघडून बघा, डिकी वरच्या बीमला लागते का बघा. आता भिंतीकडच्या चाकांच्या बाहेरच्या कडेला खडूनं रेघ मारा, मागच्या चाकांमागे आडवी रेघ मारा. दोन-तीन दिवस खडूवर लावून बघा, हवं तर सरकवा, आणि मगच पिवळ्या ऑइलपेंटनं पक्कं करा. मागच्या भिंतीवर, मागच्या काचेच्या मधोमध दिसेल अशी उभी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. रिव्हर्स लाइट पडला की ती चमकते आणि गाडी तिरकी आहे का सरळ ते लगेच कळतं. खांबावरही कमरेच्या उंचीला एक पट्टी असू द्या. स्टिल्टमध्ये एकच ट्यूबलाइट असते आणि खांबाची सावली नेमकी आपल्या बाजूला पडते.

आडव्या रेघेवर रबरी व्हील स्टॉपर बसवा. तो मागच्या चाकासाठी बसवायचा. तोंडानं लावणाऱ्यांनी मात्र आधी पुढच्या बंपरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावं, कारण उंच स्टॉपरला चाक टेकायच्या आधी बंपर टेकतो आणि मागे घेताना क्लिपा उखडून येतात. सिमेंटचा ओटा घालू नका, पुढे दुसरी गाडी घेतलीत की तो फोडावा लागेल.

आता फोम. तो लावाच, पण शेवटचा आधार म्हणून, आणि योग्य जागी. दार हळूच उघडून त्याची सगळ्यात बाहेर येणारी कड भिंतीला जिथं टेकेल तिथं खूण करा, आणि त्या उंचीच्या वर-खाली वीत-वीत धरून पट्टी लावा. लोक अंदाजानं गुडघ्याच्या उंचीला लावतात आणि दार वर आपटत राहतं. घट्ट, बंद छिद्रांचा ईव्हीए फोम घ्या. बोटानं दाबल्यावर तळाला लागणारा मऊ फोम नुसता शोभेचा. जुनी गादी, गोणपाट, कापड अजिबात नको. पावसात ते पाणी धरतं, त्यात धूळ आणि वाळू बसते आणि मग तीच तुमच्या रंगावर सँडपेपरचं काम करते. बंद छिद्रांचा फोमही महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. जुने टायर टांगतात तेही टाळा, पांढऱ्या गाडीवर त्याचे काळे पट्टे येतात.

डिस्टेंपरच्या भिंतीवर फोम चिकटत नाही, चुन्याची भुकटी घेऊन खाली येतो. पट्टीपुरता रंग खरवडा, ब्रशनं धूळ काढा, कोरडं करा आणि मग चिकटवा. खांबाच्या कोपऱ्याला रबरी कॉर्नर गार्ड हवा. पण तो आरसीसी खांब आहे, सळईवरचं काँक्रीट साधारण 40 मिमी असतं, तेव्हा लांब ड्रिल घालून भोकं पाडू नका. नायलॉनच्या पट्ट्यानं खांबाभोवती घट्ट आवळून बांधा. भोक पाडायचंच असेल तर सोसायटीच्या कमिटीला विचारून, कमी खोलीचं. कमिटीकडे जाताच आहात तर आणखी एक विचारा: कुणा छोट्या गाडीवाल्याकडे ऐसपैस जागा असेल आणि तो राजी असेल तर लेखी अदलाबदल होते का. कधीकधी सगळा प्रश्न तिथंच मिटतो.

कॅमेऱ्याबद्दल. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, म्हणजे ते तुमच्या गाडीत आहेतच. पण ते मागच्या बंपरमध्ये असतात आणि मागचंच सांगतात, बाजूच्या खांबाबद्दल गप्प राहतात. म्हणून सेन्सर वाजला नाही म्हणजे जागा आहे असं धरू नका. 360 अंशांचा कॅमेरा कंपनीतून आलेला असेल तर जरूर वापरा. बाहेरून बसवायचा तर आरशांची आणि वायरिंगची मोडतोड होते आणि वॉरंटीचा प्रश्न निघतो. रुंद कोनाच्या लेन्समध्ये वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते, हेही आहेच. तुमच्या जागेला मला त्याची गरज दिसत नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या नावाखाली फार गैरसमज पसरलेत, म्हणून स्पष्ट सांगतो. कंपनीतून आलेला सगळा रंग, म्हणजे प्रायमर, बेस आणि वरचा क्लिअर कोट मिळून, साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. सिरॅमिकचा थर त्याच्यापुढे अगदीच पातळ. चमक टिकते, पाणी आणि धूळ लवकर निघते, त्यासाठी करायचं तर करा. खांबापुढे तो काही करू शकत नाही. पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म 150-200 मायक्रॉनची असते, ती हलकं घासणं अंगावर घेते. सगळ्या गाडीला लावायची गरज नाही. दारांच्या कडा, हँडलच्या खोबणी आणि चाकांच्या मागच्या कमानी एवढ्याला लावा, थोडक्यात काम होतं. दाराच्या कडेला खोचायचं यू आकाराचं रबर बीडिंग स्वस्त मिळतं, पण आत धातूची पट्टी असलेलं घेऊ नका. ते रंग कापतं, खाली पाणी साठतं, आणि कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या दाराला एका पावसाळ्यात तिथून गंज धरतो. बंपरला बसवतात ते लोखंडी क्रॅश गार्डही नको. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं त्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, आणि अपघातात धक्का ते भलतीकडे नेतात, त्यामुळे एअरबॅगचं गणित बिघडू शकतं.

आणि एवढं करूनही कधी गाडी टेकली तर? करकर आवाज आला की जागच्या जागी थांबा. स्टिअरिंग आहे त्याच स्थितीत धरून ठेवा आणि ज्या दिशेनं आलात त्याच्या उलट, अगदी हळू, परत जा. चाकं तशीच असली की गाडी आलेल्या वाटेनंच परत जाते आणि खांबापासून सुटते. घाबरून लोक स्टिअरिंग दुसरीकडे फिरवतात आणि पुढे रेटतात. चार बोटं लांबीचा ओरखडा मग दारापासून क्वार्टर पॅनेलपर्यंत जातो आणि एका पॅनेलच्या कामाची दोन पॅनेलं होतात. क्वार्टर पॅनेल तर दारासारखं काढून बदलता येत नाही, ते बॉडीला वेल्ड केलेलं असतं, त्यामुळे तिथला मार महागात पडतो. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगा.

घासल्यावर लगेच फडकं मारू नका. सिमेंटचे कण असतात, कोरडं पुसलं की त्याचेच ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू. कितीतरी वेळा पांढरा पट्टा हा खांबाचा रंग असतो आणि रबिंग-पॉलिशनं पूर्ण निघतो. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशनं जाईल. नख अडकलं पण पत्रा दिसत नाही, तर घाई नाही, सवडीनं करा. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्यात वाट बघू नका. गाडीच्या कलर कोडप्रमाणे टच-अप मिळतो, तेवढा लावून हवा आणि पाणी बंद करा. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, त्यामुळे तिथला ओरखडा राहू दिला तरी चालतो.

तुमच्या दाराचं काम मात्र महिनाभर तरी करू नका. नव्या पद्धतीनं हात बसू दे, मग एकदाच रंगवा. आणि विम्याचा क्लेम टाकायच्या आधी हिशेब मांडा. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर 20 टक्के सूट मिळते आणि ती वाढत पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जाते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे 1000 रुपये आपल्या खिशातून जातात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असली तरी हे दोन्ही लागू असतंच. एका दाराचं काम गॅरेजमधून लेखी एस्टिमेट घेऊन बघा. ते बुडणाऱ्या सवलतीपेक्षा कमी निघालं तर खिशातून करा. दार आणि क्वार्टर पॅनेल दोन्हीची लांबी भरायची वेळ आली असेल, तर क्लेम टाका.